आतून पांढरं भांडं

दरकूश, ८ सप्टेंबर १९५४

उख्ती बहीजा,

तू पाठवलेले मोजे मिळाले. बसच्या ड्रायव्हरनं ते चौकात सगळ्यांसमोर हात उंच करून दिले, म्हणजे आता अख्ख्या गावाला माझ्या पायांचं माप ठाऊक झालं. असो. लग्नाला दोन महिने झाले, तेव्हा बहिणीला खरं ते लिहायला हरकत नाही. सुब्ही चांगला आहे. डाळिंबाच्या बागेतून येतो, जेवतो, हसतो, झोपतो. बोलायचं काम त्यानं आईकडे सोपवलंय.

आणि आई! उम्म सुब्ही! अगं बाई, काय सांगू. कोठीची किल्ली गळ्यात, कमरेवर हात, सकाळपासून माझ्या नावाचा पुकारा. मी तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी असते, तरी ओरडते, "रुवैदा, कुठं मेलीस?" मुद्दाम गं, मला हिणवायला. रोज पहिला घास तीच चाखणार, मीठ तीच घालणार, चिमटीनं, मोजून. मी हात लावला तर म्हणते, "राहू दे, तुझ्या हालबमध्ये मीठ वेगळं असेल."

इथं एका खोलीत नुसती तांब्याची भांडी आहेत. पणजीच्या काळापासूनची. आपल्याकडे अॅल्युमिनियम आणि चिनी मुलामा, मला काय ठाऊक तांबं? बाहेरून काळी, आतून तर सगळी पांढुरकी, मळकट, जुनं दूध वाळल्यासारखी. मनात म्हटलं, रुवैदा, आता दाखव हिला. चुलीतली राख, विटेची भुकटी, लिंबू, जाडं मीठ. आठवडाभर घासत होते. खांदे निखळले. पण आतली ती पांढुरकी पुटं गेली आणि खालून असा लाल, झगझगीत रंग निघाला म्हणतेस! दहा-बारा भांडी उन्हात मांडली तर शेजारीण डोळ्यांवर हात धरून गेली.

मग तपासणी. राणीसाहेब बसल्या. एकेक भांडं मांडीवर घेतलं, आतून बाहेरून बोटं फिरवली, काठ चाचपला, बुडाला टिचकी मारली. आणि म्हणाली काय? "गुळगुळीत झाल्येत." बस्स. चकाकीबद्दल एक अक्षर नाही! मी खोलीत जाऊन उशीत तोंड घालून रडले.

तुझी,
रुवैदा


हालब, १३ सप्टेंबर

हबीबती रुवैदा,

आधी डोळे पूस. मग हे वाच.

सासू गुळगुळीत म्हणाली ना? तिच्या तोंडून ते शंभर शाबासक्यांच्या बरोबरीचं समज. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी सतरा. मला कुणी काही शिकवलं नाही, मी तुला काही शिकवलं नाही, आणि तरी तू नुसत्या जिद्दीवर एका जुन्या घराची भांडी उजळलीस. मला तुझा अभिमान वाटला. शिक्षकांच्या खोलीत मी तुझं पत्र वाचून दाखवलं, मोजे वगळून.

गंमत बघ, याच आठवड्यात माझ्या वर्गात तोच धडा चालू आहे. एका चंचुपात्रात तीव्र आम्ल, दुसऱ्यात कॉस्टिक सोडा. दोन्ही असे की बोट बुडवलं तर कातडी सोलून निघेल. थेंब थेंब एकत्र करत गेले, लिटमस ना लाल ना निळा झाला, मग ते पाणी आटवलं. तळाशी पांढरी खडी. मीठ! साधं जेवणातलं मीठ. मुली अशा ओरडल्या की बाजूच्या वर्गातून भूगोलाच्या बाई धावत आल्या. एकजण चाखायला निघाली, तिच्या हातावर फटका दिला. प्रयोगशाळेतलं काही चाखायचं नाही, हा माझा पहिला नियम.

तुझं लिंबूही आम्लच. तांब्यावरचा मळ ते विरघळवून टाकतं, मीठ त्याला जोर देतं. तेव्हा तू न शिकता रसायनशास्त्र केलंस. अजून कुठं पांढुरका डाग राहिला असेल तर अर्ध्या लिंबावर जाडं मीठ घे आणि घास. लाल दिसेपर्यंत सोडू नकोस. आणि सासूला उलट बोलू नकोस, मनात काय ते बोल.

तुझी बहीजा


दरकूश, ३ ऑक्टोबर

बहीजा,

मला माहेरी परत पाठवताहेत. कदाचित शुक्रवारी. मी काहीतरी भयंकर केलंय, आणि काय केलं तेच मला धड कळत नाही.

डाळिंबं उतरली. तीन दिवसांपूर्वी आम्ही दिब्स करायला घेतलं. पहाटेपासून दाणे सोलून, रगडून, गाळून, तांब्याच्या मोठ्या पातेल्यात चुलीवर. माझे हात कोपरापर्यंत काळे. दिवसभर ढवळत होते. संध्याकाळी रस मधासारखा दाट झाला. तेव्हा पळी जरा सांडली म्हणून उम्म सुब्ही म्हणाली, "आईविना वाढलेल्या पोरीला काय येणार." बहीजा, आईचं नाव काढलं गं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "जीभ झडो तुमची." म्हटलं मी. खोटं बोलत नाही.

गरम असतानाच तो मातीच्या बरण्यांत ओततात. पण तेवढ्यात निरोप आला की फितनतचे सासरे वारले. फितनत म्हणजे सुब्हीची थोरली बहीण, पलीकडच्या आळीत दिलेली. सगळे तसेच उठून गेलो. पातेलं झाकून ठेवलं, रात्रभर.

सकाळी झाकण काढलं. काठाला थोडा हिरवा रंग धरला होता, मी फडक्यानं पुसून टाकला. उम्म सुब्ही आली, नेहमीसारखी पळीभर घेऊन चाखली. पळीभर! मी बोट चाटलं, कडू लागलं, थुंकले. तिनं सगळं गिळलं होतं. घटकाभरात पोट धरून खाली बसली. मग ओकारी, हिरवट, थांबेच ना. दोन दिवस झाले, पाणी ठरत नाही. आणि सारखी म्हणते, "जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागतंय." जिभेवर, बहीजा! मी शाप कुठं दिला होता?

फितनत सुतकातून उठून आली. अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सून आली आणि आई आडवी झाली. हिनं काहीतरी घातलंय." पातेलं तिनं कापडानं बांधून ठेवलंय, पुरावा म्हणून. शुक्रवारी नमाजानंतर सुब्हीचे काका येणार, ठरवणार. सुब्ही म्हणतो, "आईला बरं वाटू दे, मग बघू." माझ्याकडे बघत नाही. एकदा घरातून गेले की मला परत कोण आणणार? आणि ती मेली तर? मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असते. आत जायचा धीर होत नाही.

रुवैदा


हालब, ६ ऑक्टोबर, बसच्या ड्रायव्हरच्या हाती

वेडे, शापानं काही झालेलं नाही! आधी हे ऐक. त्या भांड्यांत कुणी काही शिजवायचं नाही, आंबट तर नाहीच. डॉक्टरला सांग तांबं पोटात गेलंय. दूध, अंड्यातला पांढरा भाग, देत राहा. ओकून बाहेर पडलं हे चांगलंच झालं, ती वाचेल.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि मग तुझं पहिलं पत्र काढलं. "आतली पांढुरकी पुटं." अगं, तो मळ नव्हता, ती कल्हई होती! कथलाचा थर. तांब्याला आंबट लागू नये म्हणूनच तो देतात. तू सगळा घासून काढलास. आणि मी, रसायनशास्त्राची शिक्षिका, तुला लिहिते, लाल दिसेपर्यंत सोडू नकोस! वसतिगृहात मेसचं जेवण जेवणारी मी, कधी भांडं घासलंय? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय.

काल प्रयोगशाळेत तांब्याची तार घासून डाळिंबाच्या रसात तापवून ठेवली. सकाळी तारेभोवती रस हिरवट. आम्ल धातूला भिडलं की क्षार तयार होतो. जेवणातलं मीठ हाही क्षार, आणि हा हिरवाही क्षारच. पण एकावाचून जेवण होत नाही आणि दुसरा पोटात गेला की माणूस आडवा होतो. इतकं साधं आहे. यात ना नजर, ना शाप, ना विष घालणं.

आता नीट वाच. तांब्यात जन्म गेलेल्या बाईला कल्हई उडालेलं भांडं एका नजरेत कळतं. उम्म सुब्हीनं एकेक भांडं मांडीवर घेऊन तपासलं, तुझ्यासमोर. लाल भडक भांडी बघून ती गप्प का बसली? मला एकच उत्तर दिसतं. तुला चूक करू द्यायची होती, मग चारचौघांत नाक कापायचं होतं. स्वतःच त्यात सापडली, हा अल्लाचा न्याय. शुक्रवारी काकांसमोर एवढंच विचार, "खाला, तुम्ही तपासली होती ना? मग रंग दिसला नाही?" बघ कशी पांढरी पडते. हे विचारल्याशिवाय तू त्या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. तूच घासलंस हे कबूल कर, पण तिला सोडू नकोस.

मी सोमवारी पोचते. धीर धर.

बहीजा


दरकूश, ९ ऑक्टोबर

उख्ती,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण भांडायला नको, पाहुणी म्हणून ये. मी इथंच आहे.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. वाचून माझं रक्त असं उसळलं! ती उठून बसायला लागली होती, दूध ठरत होतं. मी त्या खोलीतलं एक लहान भांडं उचललं आणि सरळ तिच्याकडे गेले. शुक्रवारपर्यंत कशाला थांबू, म्हटलं, आत्ताच विचारते. दार लावून घेतलं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. भांडं तिच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं.

तिनं काय उत्तर दिलं ते मी लिहिणार नाही. तुझ्यापासून आजवर काही लपवलं नाही, हे पहिलंच. पण ते माझं नाही. एवढंच सांगते, की तू म्हणतेस तसं ते नव्हतं. मी बराच वेळ तिच्या पलंगावर बसले होते. शापाचंही तिला सांगून टाकलं.

शुक्रवारी काका आले, फितनत आली, पातेलं मधोमध ठेवलं. मी म्हटलं, "विष कुणी घातलं नाही. भांड्यातली कल्हई मी घासून काढली, मला ठाऊक नव्हतं. आंबट रस तांब्यात राहिला, त्यानं झालं." तुझ्या तारेचंही सांगितलं. सुब्हीनं कापड सोडून आत बघितलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. काका म्हणाले, "लाल आहे खरं."

फितनत कसली गप्प बसते! "बघा, स्वतःच्या तोंडानं कबूल झाली!" मग आईकडे वळली. "पण आई, तू तर सुईचं नेढं तपासतेस. तुला हा रंग दिसला नाही?"

बहीजा, तुझा प्रश्न फितनतच्या तोंडून आला. मला काही करायची गरजच उरली नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. सासूची बोटं चादरीत रुतली होती. मी म्हटलं, "खालांना मी नीट दाखवलीच नाहीत, घाईत..."

"खोटं बोलू नकोस," उम्म सुब्ही मध्येच गरजली. मग म्हणते कशी, "दिसलं. न दिसायला काय झालं? मीच हिला सांगितलं घास म्हणून. कल्हईवाला यायचा होता, जुनी कल्हई आधीच काढून ठेवलेली बरी. आणि मग माझ्याच डोक्यातून गेलं आणि मीच रस त्यात ओतायला लावला. माझी चूक. झालं समाधान? आता कुणी चहा टाकणार आहे की नाही?"

सुब्ही म्हणतो, जन्मात पहिल्यांदा त्यानं आईच्या तोंडून "माझी चूक" हे शब्द ऐकले. काका चहा पिऊन गेले. फितनत न पिता गेली.

तुझी,
रुवैदा


हालब, १६ ऑक्टोबर

रुवैदा,

मी आले, जेवले, तुझ्या सासूच्या पाया पडावंसं वाटेल इतकी आपुलकी घेऊन परत आले, आणि तरी माझ्या डोक्यातून जात नाही. तिनं तुला घासायला सांगितलं? सप्टेंबरात तू लिहिलंस की तुझ्याच मनानं घासलीस. म्हणजे ती काकांसमोर खोटं बोलली. कशासाठी? तुला वाचवायला एवढी म्हातारी स्वतःला घरभर चुकीची ठरवते? मी तुझी बहीण आहे, तुला वाढवलंय. गुरुवारी त्या बंद दाराआड काय झालं?

बहीजा


दरकूश, ५ नोव्हेंबर

शिक्षिका बहीजास,

मी उम्म सुब्ही सांगते आहे आणि ही लिहिते आहे. ही म्हणते, सावकाश सांगा. मी म्हणते, तू भरभर लिही.

तुझं पत्र आलं तेव्हापासून ही गप्प गप्प. विचारलं तर म्हणते काही नाही. मग ओरडल्यावर बोलली. बहिणीला खोटं लिहवत नाही आणि खरं सांगवत नाही. म्हटलं, आण कागद.

मला दिसत नाही. दोन हिवाळे झाले. आधी धुकं आलं, मग धुकंच राहिलं. उजेड कळतो, माणूस उभं आहे एवढं कळतं, कधी तेही नाही, म्हणून ओरडते. मीठ चिमटीनं घालते, भांडी बोटांनी बघते, शिजलं की नाही ते चाखून. फितनतला कळलं असतं तर तिनं मला उचलून आपल्या घरी नेलं असतं, खिडकीशी एक उशी टाकून दिली असती आणि कोठीची किल्ली खिशात. लेक चांगली आहे, पण तिच्या घरात मी पाहुणी. मला माझ्या चुलीपाशी मरायचं होतं.

त्या गुरुवारी ही आली, फणफणत. भांडं पुढं केलं. "खाला, याचा रंग कोणता?" मी म्हटलं, "कोणता म्हणजे? आतून पांढरा. कल्हईचा." ही काहीच बोलेना. इतका वेळ बोलेना की मला कळून चुकलं. मी दम धरून बसले, आता ही बाहेर जाऊन सांगणार. पण हिनं माझं बोट धरलं आणि भांड्याच्या काठावर ठेवलं. "इथं हिरवं आहे, खाला. आणि आत सगळं लाल." मग माझ्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली. म्हणे, मी तुम्हाला शाप दिला होता. मी म्हटलं, अगं, शाप लागत असते तर फितनतच्या नवऱ्याला मी कधीच पोचवला असता. तेव्हा हसली. आईवरून बोलले ते चुकलं, असं मी तिला तेव्हाच म्हटलं. म्हटलं की नाही गं? हं. म्हणते, म्हटलं.

तर त्या दिवशी काकांसमोर ही माझ्यासाठी खोटं बोलायला निघाली, आणि मला राग आला. या वयात सुनेच्या खोट्यामागे लपायचं का मी? खोटंच बोलायचं तर माझं मी बोलेन.

कल्हईवाला परवा येऊन गेला. सुब्हीनंच त्याला जिसरहून आणला. अंगणात भट्टी, भाता, तापलेलं तांबं, नवसागराचा तो धूर. ही म्हणते नवसागरसुद्धा तुझ्या त्या क्षारांपैकीच. असेल. माझ्या लेखी तो खोकला. पण वास ओळखीचा, लग्नापासूनचा. कथील आत फिरलं की आवाज बदलतो, ते मला ऐकू येतं. तरी मी हिला विचारत होते, झाला का पांढरा? ही म्हणायची, अजून नाही. अजून नाही. झाला, खाला.

आता तुझं काम सांगते. हालबमध्ये डोळ्यांवरचा पडदा काढणारा डॉक्टर आहे, असं हिला तू मागं कधी बोलली होतीस. जैतूनचा हंगाम संपला की आम्ही दोघी येऊ. सुब्हीला सांगितलंय, कापड घ्यायला जातोय. पडदा निघाला तर ठीक. नाही निघाला तर हिचे दोन आहेत. किल्ली मात्र माझ्याच गळ्यात राहील, हे हिला तू समजावून सांग.

काल उरलेल्या डाळिंबांचं दिब्स केलं. बरणी पाठवते आहे, ड्रायव्हरला बजावलंय, चौकात उंच धरू नकोस. रस आटला तेव्हा मी हिला म्हटलं, आज तू आधी चाख. ही म्हणाली, नाही, रोज तुम्हीच चाखता. आणि पळी माझ्या ओठाशी धरली.

मी रंग विचारला नाही. चाखली.

उम्म सुब्ही